रडविणारी कादंबरी

माझ्या लहानपणी आमच्या घरात वडिलांच्या आत्याबाई असत. अंगावर लाल आलवण, डोईवरून ओढून घेतलेला पदर आणि पुढ्यात सदैव तांदळाचे सूप. अक्षरओळख बेताचीच, म्हणून दुपारची निजानीज झाली की माझी थोरली बहीण त्यांना ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचून दाखवी. यमूच्या केशवपनाचे प्रकरण आले की आत्याबाई सूप बाजूला सारीत आणि म्हणत, “हे सावकाश वाच गं.” जे स्वतःच्या वाट्याला येऊन गेले तेच पुन्हा ऐकायचे, आणि तेही सावकाश! त्या वयात मला याचा उलगडा होत नसे.

दुःखाच्या कथेत माणसाला गोडी का वाटावी, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राला जुनाच आहे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त एक रोखठोक मुद्दा मांडला. करुणरसात खरोखरच दुःख होत असते तर त्याकडे कोणी वळले नसते, आणि मग रामायणही दुःखाचेच कारण ठरले असते! पुढे १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना पुढे केली. वाचक आपले मीपण न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरी अनुभवातून त्याला आनंद होतो, असे त्यांचे म्हणणे. उपपत्ती सुंदर आहे, आणि तिच्यावर आपल्याकडे पुष्कळ शाईही खर्ची पडली. पण ती निवांत बसलेल्या रसिकाची उपपत्ती आहे. आत्याबाईंनी दुसऱ्या कोणाच्या भूमिकेत शिरायचे होते? ती भूमिका त्यांची स्वतःचीच होती.

म्हणून शास्त्र क्षणभर बाजूला ठेवून आपण इतिहासाकडे वळू.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. तिची नायिका यमुना प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांची दैना पाहते, पुढे स्वतः विधवा होते, आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. एवढे दुःख एका पुस्तकात भरलेले असूनही ते वाचताना डोळे भरून येत नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे. पदमनजींना वाद जिंकायचा आहे आणि दुःख हा त्यांचा पुरावा आहे. पुराव्यावर माणूस विचार करील, रडणार नाही. त्यानंतर ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या. त्यांत संकटांना तोटा नाही. पण शेवटी ताटातूट झालेल्यांची गाठ पडणार, याची वाचकाला आधीपासून खात्री. ही सवय संस्कृत नाटकांची. करुण हाच मूळ रस मानणाऱ्या भवभूतीनेसुद्धा ‘उत्तररामचरिता’च्या शेवटी रामसीतेची भेट घडवून आणलीच की!

या वाचकाच्या हाती १८९० साली हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ पडले. हरिभाऊ तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे. नाव ‘करमणूक’, आणि त्यातून क्रमशः येऊ लागली ती यमूची कहाणी! पदमनजींच्या नायिकेचेच नाव, पण इथे ती स्वतःच बोलते आहे. बाळपण, दादाची माया, सासर, मग रघुनाथरावांबरोबरचे मुंबईतले थोडेसे सुखाचे दिवस, त्यांचा मृत्यू, आणि नंतर जबरीने झालेले केशवपन. घरातल्याच कोणी माजघरात बसून हळू आवाजात सांगावे, तसे हे सांगणे आहे. मीलन नाही, सुटका नाही. उरतो तो शीर्षकातला प्रश्न, आणि तो थेट वाचणाऱ्याला विचारलेला आहे.

कादंबरी अशी भागाभागाने येत राहिली की वाचकाचे नायिकेशी नाते जडते. इंग्लंडात हे सुमारे दीडशे वर्षे आधी घडले होते. सॅम्युअल रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ १७४७-४८ मध्ये भागाभागाने निघाली. तीतही नायिका आपल्या पत्रांतून स्वतःच बोलते. ती मरणार अशी कुणकुण लागताच लेडी ब्रॅडशे नावाच्या बाईंनी खरे नाव लपवून रिचर्डसनला पत्रे लिहिली आणि तिला वाचवा म्हणून गळ घातली. तो बधला नाही. पुढे त्याच बाईंनी कळविले, की पुस्तक खाली टाकावे, रडावे आणि पुन्हा उचलावे, असे त्यांचे वाचन झाले. गोड शेवट मागणाऱ्या या बाईंनी गोड शेवटाचे पुस्तक इतक्यांदा उचलले असते का, याची मला शंका आहे.

परंतु या अश्रूंचा हिशेबही तपासला पाहिजे. १८९० सालीच मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असा ठराव केला. कामगारपुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. ज्यांच्या हातात पुस्तक होते त्यांनी काय केले? १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर आणणारा कायदा झाला, तेव्हा पुण्यात केवढा गहजब उडाला हे प्रसिद्धच आहे. १८९३ मध्ये यमूची कहाणी पुस्तकरूपाने निघाली. त्याच वर्षी मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांनी शारदासदनातल्या विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. नवरानवरी मुरुडला गेली, तेव्हा गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. कागदावरच्या यमूसाठी डोळे टिपायचे आणि जिवंत गोदूबाईच्या पंक्तीला बसायचे नाही, हे एकाच माणसाला साधत असले पाहिजे. त्यासाठी तो माणूस ढोंगीच असावा लागतो असेही नाही.

तरीदेखील ते रडणे फुकट गेले असे म्हणायला माझे मन धजत नाही. त्या काळच्या घरात ‘आत्याबाईंवर अन्याय झाला’ असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. म्हणणाऱ्या सुनेला बापाचे नव्हे, आजाचे नाव ठेवल्यासारखे झाले असते. यमूसाठी रडायला मात्र कोणाची आडकाठी नव्हती. ती कादंबरीतली होती ना! घरात जे दुःख सर्वांना ठाऊक होते आणि ज्याचे नाव काढायचे नाही असा दंडक होता, त्याला हरिभाऊंनी एक नाव मिळवून दिले.

आमच्या घरच्या त्या वाचनातली एक गोष्ट सांगायची राहिली. केशवपनाच्या प्रकरणी आत्याबाई स्वतः कधी रडल्या नाहीत. रडे ती माझी बहीण. तिचा आवाज कापू लागे, अक्षरे पुसट होत, ती थांबे. आणि आत्याबाई काही न बोलता, मान वर करून, तिच्या तोंडाकडे बघत राहत.