सेव्हिंग थ्रो म्हणजे काय? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधला जीव वाचवणारा फासा

'स्ट्रेंजर थिंग्ज' ही नेटफ्लिक्सवरची मालिका तुम्ही पाहिली असेल, तर तिचा पहिलाच भाग आठवा. १९८३ सालच्या नोव्हेंबरमधली रात्र, तळघरात टेबलाभोवती बसलेली चार मुलं आणि खेळात अचानक समोर आलेला डेमोगॉर्गन नावाचा राक्षस. विल 'फायरबॉल' हा मंत्र टाकायचं ठरवतो. त्यासाठी १३ किंवा त्याहून जास्त पडायला हवेत. फासा टेबलावरून घरंगळत खाली जातो. शोधल्यावर दिसतं, पडलेत फक्त ७.

प्रसंग झकास आहे, पण खेळाच्या नियमांत तो बसत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये फायरबॉल टाकणाऱ्याला नेम लागला का, हे बघायला फासा टाकावा लागत नाही. आगीचा गोळा फुटतोच. फासा टाकायचा असतो तो ज्याच्या अंगावर आग येते त्यानं. त्यालाच म्हणतात सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचं दान.

हा नियम पन्नास वर्षं टिकला आहे, पण प्रत्येक आवृत्तीत बदललाही आहे. तो कसा चालतो, ते सोप्या भाषेत पाहू.

आधी खेळ थोडक्यात

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे डी अँड डी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो तयार केला आणि १९७४ मध्ये तो बाजारात आला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी कुलपं उघडण्यात आणि लपण्यात पटाईत असलेला भामटा. एक जण डंजन मास्टर होतो. तो गोष्ट सांगतो, राक्षस चालवतो आणि नियमांचा निवाडा करतो.

पात्रानं काय करायचं ते खेळाडू ठरवतो. ते जमलं की फसलं, हे बऱ्याचदा फासा ठरवतो. यातला मुख्य फासा वीस बाजूंचा असतो.

फासा नेमका कोणी टाकायचा?

नव्या खेळाडूंचा पहिला गोंधळ इथेच होतो. वीस बाजूंचा फासा तीन वेगवेगळ्या कामांसाठी वापरला जातो.

• हल्ला: तलवार मारायची, बाण सोडायचा. फासा हल्ला करणारा टाकतो आणि समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याशी तो जुळवून पाहतो.
• प्रयत्न: भिंत चढायची, कुलूप उघडायचं, पहारेकऱ्याला पटवायचं. जो प्रयत्न करतो तोच फासा टाकतो.
• बचाव: विष अंगात भिनतंय, पायाखालची फरशी सरकतेय, कुणीतरी मनावर ताबा मिळवू पाहतंय. इथे ज्याच्यावर संकट आलं, तो फासा टाकतो.

पहिल्या दोन्हींत तुम्ही काहीतरी करायला निघालेले असता. तिसऱ्यात तुमच्यावर काहीतरी येऊन आदळलेलं असतं आणि विचार करायला वेळ नसतो. तरीही शेवटचा फासा तुमच्या हातात दिला जातो. तुमचं पात्र मेलं, तर निदान ते तुमच्याच हातून पडलेल्या दानानं मेलं, डंजन मास्टरनं परस्पर मारलं नाही.

गणित अगदी सोपं आहे

२०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीचे नियम आज सर्वाधिक परिचयाचे आहेत. 'बाल्डर्स गेट ३' हा २०२३ चा व्हिडिओ गेमही त्यांच्यावरच आधारलेला आहे. या नियमांत वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राचा बोनस मिळवायचा आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली की बचाव झाला. त्या ठरलेल्या आकड्याला डीसी म्हणतात.

समोरच्यानं मंत्र टाकला असेल, तर डीसी असा निघतो: ८, अधिक त्याच्या अनुभवानुसार मिळणारा प्रोफिशियन्सी बोनस, अधिक ज्या गुणावर त्याची जादू चालते त्या गुणाचा बोनस.

उदाहरण घेऊ. पाचव्या पातळीच्या जादूगाराची बुद्धी १८ आहे, म्हणजे तिचा बोनस ४. त्याचा प्रोफिशियन्सी बोनस ३. डीसी झाला १५. त्यानं फायरबॉल टाकला. सहा बाजूंच्या ८ फाशांची बेरीज म्हणजे होणारी इजा, सरासरी २८. ज्याला बचाव जमला, त्याला निम्मी इजा.

आता त्या आगीत दोघे सापडले. योद्ध्याची चपळाई १० आहे, म्हणजे बोनस शून्य. त्याला फाशावर १५ ते २० यांपैकी काहीतरी पडायला हवं. वीसपैकी सहा बाजू, म्हणजे ३० टक्के संधी. भामट्याची चपळाई १८ आणि शिवाय त्या बचावाचा सराव, म्हणून त्याचा बोनस ७. त्याला ८ पडले तरी पुरतात. वीसपैकी १३ बाजू, म्हणजे ६५ टक्के. सातव्या पातळीपासून तर भामट्याला अशा वेळी बचाव जमला की काहीच इजा होत नाही आणि फसला तरी निम्मीच होते.

सहा गुण, सहा बचाव

पाचव्या आवृत्तीत प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात आणि प्रत्येक गुणाचा वेगळा बचाव असतो.

• स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकद: वेलींनी जखडलं, कुणी ढकललं, तर.
• डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई: फायरबॉल, वीज, ड्रॅगनची आग.
• कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणा: विष, आजार. मंत्र चालू ठेवताना मार बसला, तर लक्ष टिकवण्यासाठीही हाच.
• इंटेलिजन्स, म्हणजे बुद्धी: हा क्वचित लागतो, पण माइंड फ्लेअरसारखा राक्षस मेंदूवरच हल्ला करतो तेव्हा हाच कामी येतो.
• विज्डम, म्हणजे मनाचा सावधपणा: भुरळ, भीती, जागच्या जागी खिळवून ठेवणारे मंत्र.
• करिश्मा, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचं बळ: तुम्हाला दुसऱ्या जगात हाकलून देणारे मंत्र.

डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन आणि विज्डम हे तीन बचाव वारंवार लागतात, बाकीचे तीन कमी. प्रत्येक वर्गाच्या पात्राला सुरुवातीला दोन बचावांचा सराव मिळतो: एक वारंवार लागणारा, एक क्वचित लागणारा. त्यामुळे कुणीही सगळ्या बाजूंनी सुरक्षित नसतो.

सुरुवात कुठून झाली?

डी अँड डी जन्मला तो लहान लहान सैनिक मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ च्या 'चेनमेल' या नियमपुस्तकात जादू आणि ड्रॅगनच्या आगीपासून बचावाचे फासे होतेच.

१९७४ च्या पहिल्या डी अँड डीत बचावाचे पाच प्रकार होते आणि ते गुणांवरून नव्हे, तर संकटांवरून पाडलेले होते: मृत्युकिरण किंवा विष, जादूच्या कांड्या, दगड होणं, ड्रॅगनचा श्वास, आणि जादूचे दंड व मंत्र. पहिल्या पातळीच्या योद्ध्याला विषातून वाचायला १२ किंवा जास्त लागत, मंत्रातून वाचायला १६. विषाचा बचाव फसला की बहुतेक वेळा पात्र जागीच मरायचं. महिनोन्महिने जपलेलं पात्र एका दानात संपायचं. म्हणूनच जुने खेळाडू हा फासा टाकताना आजही श्वास रोखून धरतात.

या नियमावर तेव्हाही टीका झाली. गायगॅक्सनं १९७९ च्या डंजन मास्टरसाठीच्या पुस्तकात तिचा उल्लेख केला आहे. आक्षेप असा होता, की खडकाला साखळदंडानं बांधलेला माणूस ड्रॅगनच्या आगीतून फासा टाकून कसा काय वाचेल? गायगॅक्सचं म्हणणं, का नाही वाचणार? आग ओकणारा ड्रॅगन तुम्हाला चालतो, मग त्या खडकात ऐनवेळी एक कपार सापडली, हे का चालू नये? म्हणजे फासा फक्त वाचलात की नाही एवढंच सांगतो. कसे वाचलात, ही गोष्ट टेबलावरच्या लोकांनी रचायची.

आकडा कोण ठरवतो? इथेच सगळं बदललं

जुन्या नियमांतली एक गोष्ट आज सहज नजरेतून सुटते. तेव्हा बचावाचा आकडा तुमच्याच कागदावर लिहिलेला असे. तो तुमचा वर्ग आणि पातळी यांवरून ठरायचा. मंत्र टाकणारा नवशिका आहे की महाजादूगार, यानं सहसा फरक पडत नसे.

२००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि पाच प्रकारांचे तीन झाले: फॉर्टिट्यूड म्हणजे शरीराचा टिकाव, रिफ्लेक्स म्हणजे चपळाई आणि विल म्हणजे मनोबल. शिकायला हे खूप सोपं होतं. पण त्याच वेळी आकडा हल्ला करणाऱ्यावर अवलंबून राहू लागला. जादूगार जितका ताकदवान, तितका बचाव अवघड.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीनं तर फासाच उलट्या हातात दिला. फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स आणि विल हे स्थिर आकडे झाले आणि फायरबॉल टाकणाराच फासा टाकू लागला. सेव्हिंग थ्रो हे नाव उरलं, पण त्याचं काम एवढंच: आधीच लागलेला त्रास तुमच्या पाळीच्या शेवटी सुटतो का ते पाहणं, १० किंवा जास्त पडले तर सुटला. २०१४ मध्ये फासा पुन्हा बचाव करणाऱ्याच्या हातात आला.

याचा परिणाम किती मोठा होता, ते योद्ध्याकडे पाहून कळतं. १९७९ च्या नियमांत पहिल्या पातळीच्या योद्ध्याला मंत्रातून वाचायला १७ लागत, म्हणजे २० टक्के संधी. सतराव्या पातळीला ६ पुरत, म्हणजे ७५ टक्के. अनुभवानं माणूस कणखर व्हायचा.

पाचव्या आवृत्तीत विज्डम १० असलेल्या योद्ध्याला पहिल्या पातळीला साधारण १३ च्या डीसीला तोंड द्यावं लागतं, म्हणजे ४० टक्के संधी. सतराव्या पातळीला त्याच्या तोडीच्या जादूगाराचा डीसी १९ होतो. योद्ध्याचा बोनस मात्र शून्यच राहतो, कारण त्याला या बचावाचा सराव नाही. संधी उरते १० टक्के. शेकडो लढाया जिंकलेला वीर एका मंत्रानं पुतळ्यासारखा उभा राहतो आणि खेळाडू आपली पाळी येण्याची नुसती वाट बघत बसतो.

यावर उपाय म्हणून योद्ध्याला नवव्या पातळीला फसलेलं दान पुन्हा टाकायची मुभा आहे. पण १० टक्क्यांचं दान पुन्हा टाकून फारसं काही हाती लागत नाही. २०२४ च्या सुधारित नियमांत म्हणूनच त्या दुसऱ्या दानात योद्ध्याची पातळी मिळवली जाते. सतराव्या पातळीला सरळ १७ ची भर! दिवसातून मोजक्याच वेळा का होईना, जुन्या योद्ध्याचा कणखरपणा परत आला.

मरणाच्या दारात: डेथ सेव्ह

पाचव्या आवृत्तीत हिट पॉइंट शून्यावर आले की पात्र लगेच मरत नाही, बेशुद्ध पडतं. मग प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एक फासा टाकायचा. इथे कुठल्याही गुणाचा बोनस मिळत नाही. १० किंवा जास्त पडले तर यश, कमी पडले तर अपयश. तीन यशं आधी झाली तर पात्र स्थिरावतं, तीन अपयशं आधी झाली तर संपतं. १ पडला तर दोन अपयशं धरली जातात. २० पडले तर पात्र एक हिट पॉइंट घेऊन डोळे उघडतं.

कुणी मदतीला आलं नाही आणि वरून आणखी मार बसला नाही, तर या सगळ्यातून वाचण्याची शक्यता साधारण ६० टक्के असते. बाकीच्या ४० टक्क्यांसाठी मित्रांनी धावून जायचं असतं. किंचित जरी उपचार झाले, तरी पात्र शुद्धीवर येतं आणि आधीची अपयशं पुसली जातात.

नेहमी होणारे गोंधळ

२० पडले म्हणजे बचाव नक्की? पाचव्या आवृत्तीत नाही. आपोआप यश फक्त हल्ल्याच्या फाशाला आहे. तिसऱ्या आवृत्तीत मात्र बचावालाही होतं, म्हणून जुन्या-नव्या खेळाडूंचे वाद होतात.

ॲडव्हान्टेज म्हणजे काय? दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं. ५५ टक्क्यांची संधी त्यानं जवळपास ८० टक्के होते. डिसॲडव्हान्टेजमध्ये लहान आकडा घ्यायचा. मग तीच संधी ३० टक्क्यांवर येते.

मुद्दाम हरता येतं का? २०२४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की हवं तर फासा न टाकता बचाव सोडून देता येतो.

ड्रॅगन फसूनही वाचतो, ही फसवणूक आहे का? नाही. मोठ्या राक्षसांना 'लेजेंडरी रेझिस्टन्स' असतो. दिवसातून ठरावीक वेळा, बहुधा तीनदा, ते फसलेला बचाव यशस्वी करून घेऊ शकतात. नाहीतर संपूर्ण मोहिमेचा शेवटचा खलनायक पहिल्याच मंत्रात आडवा व्हायचा.

पहिल्यांदा खेळायला बसलात, तर एवढं लक्षात ठेवा. डंजन मास्टर "सेव्हिंग थ्रो टाक" म्हणाला, तर आधी कुठल्या गुणाचा ते विचारा, कागदावर त्या बचावाचा बोनस बघा आणि मग फासा टाका. आणि वाचलात, तर नुसतं "वाचलो" म्हणून थांबू नका. ती कपार नेमकी कुठे सापडली, तेही सांगा.