अंकांतून पुन्हां आवाजाकडे

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांत ताडकळस म्हणून एक गांव आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेथील जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यांत आल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच, परंतु पुढें भारताचेच नागरिक झालेले गी पॉइतवाँ, या दोघांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवें पालथीं घालून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांपैकीं कांहींचें ध्वनिमुद्रण बर्नार बेल या फ्रेंच संगीताभ्यासकानें केलें व तें १२० तासांच्या वर भरलें. २०१७ सालापासून हा ठेवा 'पारी' या ग्रामीण जीवनाच्या संग्रहानें सर्वांस ऐकण्यासाठीं खुला केला. जनाबाईच्या गंगाखेडाचा हा जिल्हा. जातें आणि ओवी यांचें नातें येथील माणसास समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

सांगावयाची गोष्ट निराळी आहे. पहांटेच्या अंधारांत निघालेला तो स्वर आज श्रोत्याच्या कानीं येतो तो थेट येत नाहीं. मध्यंतरीं त्याचे आंकडे होतात, आणि त्या आंकड्यांचा पुन्हां आवाज करावा लागतो. हें शेवटचें काम करणारी, पोथीएवढ्या आकाराची एक पेटी ध्वनीचे शौकीन लोक संगणकाशेजारीं मेजावर ठेवतात व तिला 'डॅक' म्हणतात. तिच्यावर बहुधा एखादेंच बटण असतें. तिचा खरा कारभार संगणकांतील आज्ञावलीच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, हातीं असतो. त्या कारभारांत चूक झाली तर ती डोळ्यांस दिसत नाहीं, आणि पुष्कळदां कानासहि चटकन् उमगत नाहीं.

परभणीनें पूर्वीं जो रेडिओ ऐकला त्याचें असें नव्हतें. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याचें नभोवाणीकेंद्र हैदराबादेस होतें व औरंगाबादेसहि एक केंद्र होतें. १९५० च्या एप्रिलांत हीं केंद्रें अखिल भारतीय आकाशवाणीकडे गेलीं. मराठवाडा महाराष्ट्रांत आल्यानंतर खुद्द परभणीस आकाशवाणी आली आणि १३०५ किलोहर्ट्झ हा आंकडा शेतकऱ्यांच्या घरोघरीं पाठ झाला. त्या रेडिओस मुख्य खुंट्या दोन. एक केंद्र लावण्याची, दुसरी आवाजाची. खरखर झाली तर ती ऐकूं येई, सुई सरकली तर ती दिसे. दोष आणि उपाय दोन्ही हाताशीं असत.

ज्या काळांत निजामी राज्यांत रेडिओ ही श्रीमंताघरची वस्तु होती, त्याच काळांत, १९३७ सालीं, पॅरिस येथें अॅलेक रीव्ह्ज नांवाच्या इंग्रज इंजिनीअरास एक कल्पना सुचली. दूरध्वनीच्या तारेंतून आवाज लांब न्यावयाचा तर वाटेंत तो क्षीण होतो, म्हणून तो ठिकठिकाणीं वाढवावा लागतो; पण आवाजाबरोबर खरखरहि वाढते. रीव्ह्ज यांनीं विचार केला कीं, आवाजच पाठवूं नये. ठराविक क्षणांनीं त्याची उंची मोजावी आणि तो आंकडा तेवढा तारेनें कळवावा. तारेचा खडखडाट कितीहि असला तरी 'आहे' कीं 'नाहीं' एवढें ओळखतां आलें म्हणजे आंकडा शाबूत राहतो. दुसऱ्या टोंकास आंकड्यांवरून आवाज पुन्हां उभा करावा. १९३८ सालीं त्यांनीं याच्या फ्रेंच पेटंटासाठीं अर्ज केला, परंतु त्या वेळच्या काचेच्या व्हॉल्व्हांनीं हें काम करणें फार खर्चाचें होतें. महायुद्धांत, १९४३ पासून, दोस्त राष्ट्रांच्या गुप्त संभाषणासाठीं या रीतीची यंत्रें अमेरिकेनें बांधलीं; खोली भरून टाकणारें तें अवाढव्य प्रकरण होतें. पुढें ट्रॅन्झिस्टर आला आणि १९६२ पासून अमेरिकेच्या दूरध्वनिव्यवस्थेंत ही रीत रुळली. रीव्ह्ज १९७१ मध्यें वारले. त्यांच्या कल्पनेवर चालणारी संगीताची तबकडी घरोघरीं गेलेली पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

किती वेळां मोजावें, हा प्रश्न गणितज्ञांनीं सोडविला. नायक्विस्ट यांनीं १९२८ त, रशियाच्या कोतेल्निकोव्ह यांनीं १९३३ त, आणि शॅनन यांनीं १९४९ त जें मांडलें त्याचें सार असें कीं, आवाजांतील अत्युच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळां मोजमाप घेतलें, तर त्या आंकड्यांतून मूळचा आवाज कांहीं न गमावतां परत मिळतो. दोन मापांच्या मधलें कांहीं हरवत नाहीं काय, अशी शंका प्रत्येक वर्गांतल्या हुशार मुलास येते. उत्तर 'नाहीं' असेंच आहे, आणि तें प्रथम कोणासहि पटत नाहीं. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणून सोनी व फिलिप्स यांनीं कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं सेकंदास ४४,१०० मापें ठरविलीं. हा विचित्र आंकडा आला कोठून? त्या काळीं एवढे आंकडे सांठविण्यास चित्रफितीचें यंत्र तेवढें सोयीचें होतें. त्याच्या एकेका रेघेवर तीन मापें, अशा २४५ रेघा, आणि सेकंदास ६० वेळां : गुणाकार करून पाहावा. युरोपांतील यंत्राच्या २९४ रेघा व ५० वेळां धरल्या तरी उत्तर तेंच येतें. संगीताची कित्येक वर्षांची व्यवस्था अशी दूरचित्रवाणीच्या रेघांवर उभी राहिली.

१९८२ च्या ऑक्टोबरांत जपानांत सोनीचें पहिलें यंत्र विकावयास आलें. प्रत्येक माप १६ बिटांचें, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचें. फिलिप्सजवळ मात्र १४ बिटांचाच परिवर्तक तयार होता. त्यांनीं मापांची संख्या हिशेबानें चौपट केली आणि ती उणीव जवळजवळ भरून काढली. आंकड्यांचें काम गणितानें सुधारतां येतें हें घरगुती यंत्रांत येथें प्रथम दिसलें. पुढील सगळा इतिहास याच वाटेनें गेला, कधीं सुधारण्याकडे, कधीं बिघडविण्याकडे.

कांहीं वर्षांनीं परिवर्तकाची पेटी वेगळी झाली आणि तिला आंकडे तारेनें मिळूं लागले. येथें एक जुनाच प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला : लय कोणी धरावयाची? गायक पुढें जावा आणि तबलजीनें त्याच्या मागें धांवावें, तशी त्या वेळची व्यवस्था होती. आंकडे पाठविणारें यंत्र ज्या वेगानें पाठवी तो वेग ओळखून पेटीनें आपलें घड्याळ त्याच्याशीं जुळवावयाचें. पाठविणाऱ्याचा हात थरथरला कीं पेटीचाहि थरथरे.

संगणक आला तेव्हां ही अडचण वाढली. यूएसबी नांवाच्या तारेवरून ध्वनि कसा न्यावा याचे नियम १९९८ त ठरले. त्या तारेवर संगणक सेकंदाच्या हजाराव्या भागास एक पुडकें पाठवितो. आतां ४४,१०० ला हजारांनीं भागलें तर ४४.१ येतात, आणि माप कांहीं दशांशानें तोडून देतां येत नाहीं. मग नऊ पुडक्यांत ४४ आणि दहाव्यांत ४५ मापें घालून मेळ बसवावा लागतो. ज्यांना पंचांगांतला अधिक मास ठाऊक आहे त्यांना ही युक्ति नवी वाटणार नाहीं. पुढें चांगल्या डॅकमधून उलट रीत प्रचारांत आली : लय पेटीनें धरावयाची, आणि आंकडे कमी पडत आहेत कीं जास्त होत आहेत हें तिनेंच संगणकास वारंवार कळवावयाचें. नियमांत ही सोय आरंभापासून होती, परंतु ती नीट वापरली जाण्यास दहाएक वर्षें गेलीं. डॅकच्या इतिहासांतील खरी सुधारणा कोणती असें विचारल्यास हीच म्हणावी लागेल. जाहिरातींतले ३८४ आणि ७६८ हजारांचे आंकडे तिच्यापुढें फिके आहेत. साठी उलटलेल्या कानास तर त्यांचा कांहींच उपयोग नाहीं.

लय पेटीच्या हातीं आली तरी आंकडे कोणते यावयाचे हें संगणकच ठरवितो, आणि गडबड होते ती तेथें. संगणकावर एकाच वेळीं गाणें चालूं असतें, पत्र आल्याची घंटा वाजते, दुसरीकडे एखादें चलच्चित्र बोलत असतें. हे सर्व आवाज एकत्र करावयाचे तर त्यांचीं मापें एकाच वेगाचीं हवींत. म्हणून संगणक सर्वांना एका सांच्यांत घालतो. सांचा ४८,००० चा असेल तर ४४,१०० चें गाणें तो नव्या हिशेबानें मांडतो, मालकास न विचारतां. ध्वनिमुद्रण करणाऱ्या व्यावसायिकांना हें खपण्यासारखें नव्हतें. त्यांच्यासाठीं जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीनें १९९७ त थेट डॅकशीं बोलणारी एक पद्धत काढली. सामान्य श्रोत्यास ही सोय २००७ त विन्डोज व्हिस्टाबरोबर मिळाली. तींत 'सामायिक' आणि 'एकाधिकार' असे दोन मार्ग ठेवले होते. दुसऱ्या मार्गानें गाणें चालूं असेपर्यंत डॅक एकाच आज्ञावलीच्या स्वाधीन राहतो, घंटा मुकी होते, आणि आंकडे जसेच्या तसे पोंचतात. लिनक्सवाल्यांस अशी थेट वाट पूर्वींच मोकळी होती. हातांतल्या अँड्रॉइड फोनवर मात्र ती व्यवस्थेचाच भाग म्हणून येण्यास २०२३ साल उजाडलें.

आवाज कमी करण्याची खुंटीहि आतां आंकड्यांचीच आहे. पडद्यावरचा दांडा खालीं ओढला म्हणजे प्रत्येक मापास एका अपूर्णांकानें गुणलें जातें. आवाज ६ डेसिबलनें उतरला कीं सुमारें एक बिट खर्ची पडतो. १६ बिटांच्या जुन्या पेटींत ओवीचा हलका शेवट, दम घेतांनाचा श्वास, हें सर्व प्रथम जाई. पेटी २४ बिटांची असेल तर ४८ डेसिबल उतरूनहि १६ बिट उरतात, तेव्हां आज या भीतीस फारसें कारण नाहीं. तरीहि पडद्यावरचा दांडा पूर्ण वर ठेवून अॅम्प्लिफायरची खुंटी फिरविणें हा जुना शिरस्ता वाईट नव्हे. मात्र आरंभीं ती खुंटी खालीं असावी. एकाधिकाराच्या मार्गांत कधीं कधीं दांड्याचा अंमलच उठतो आणि पूर्ण आवाज एकदम कानांत शिरतो.

डॅकबरोबर मिळणाऱ्या आज्ञावलींत गाळण्यांचे प्रकार, सांठ्याचा आकार, आणखी कितीतरी कळा असतात. सांठा लहान ठेवला तर मधून मधून आवाज तुटतो, मोठा ठेवला तर किंचित् उशिरा येतो; ऐकणाऱ्यास मोठाच बरा. गाळण्यांतील भेद शौकीन मंडळींनीं खुशाल चर्चावेत.

ज्या चुकीनें खरें नुकसान होतें ती या सर्वांहून साधी आहे. ४८,००० वेगानें घेतलेलें मुद्रण कोणी ४४,१०० चें म्हणून नोंदलें, आणि डॅकनें तें तसेंच वाजविलें, तर साठ मिनिटांची फीत पासष्ट मिनिटें अठरा सेकंद चालते व स्वर सुमारें दीड अर्धस्वरानें उतरतो. काळी दोनमध्यें म्हटलेली ओवी काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध लोंबकळते. जातें संथ फिरतें, आणि विशीतली सून सासूसारखी ऐकूं येते. ऐकणाऱ्यास संशय येण्याचें कारण नाहीं, कारण मूळ बाईचा आवाज त्यानें कधीं ऐकलेलाच नसतो. गवयाच्या तबकडींत निदान पेटी-तंबोरा असतो, जाणकार ओळखतो. जात्यावर साथीस दगड तेवढा. आरंभींच्या तबकड्यांचीहि हीच गत झाली आहे. त्यांचा वेग मिनिटास ७८ फेरे असें छापील पुस्तकांत असलें तरी प्रत्यक्षांत सत्तरापासून ऐंशीच्या वरपर्यंत कांहींहि असे, आणि त्या सरसकट ७८ नें फिरवून त्यांचे आंकडे केले कीं पट्टी कायमची चुकते.

यावर एक साक्षीदार मात्र अनपेक्षितपणें उपयोगी पडतो. घरांतल्या विजेवर चाललेल्या यंत्रानें मुद्रण केलें असेल तर त्यांत पुष्कळदां एक अगदीं खालची गुणगुण उतरलेली असते. मुद्रकाच्या दृष्टीनें तो दोष, आणि सफाई करणारे प्रथम तोच पुसून टाकतात. परंतु आपल्या देशांतील वीज सेकंदास ५० फेऱ्यांची आहे, ताडकळसला असो कीं पुण्याला. ती गुणगुण संगणकावर मोजून पाहावी. ५० च्या आसपास भरली तर फीत बरोबर चालली आहे. ४६ च्या जवळ भरली तर बाईचा आवाज, जात्याचा वेग आणि ओवीची पट्टी हीं तिन्ही खोटीं आहेत, आणि नोंदींतला एक आंकडा बदलला कीं तीं पुन्हां जागेवर येतात.