अष्टागरातली हिब्रू : परकी भाषा शाळेत येते तेव्हा



आज आपण परकी भाषा शिकण्याबद्दल बोलणार आहोत. या विषयावर बोलायचं म्हटलं की आपल्याला लगेच मुंबई-पुण्यातल्या शाळा आठवतात. फ्रेंच घ्यायचं की जर्मन, मार्क कशात जास्त पडतात, वगैरे. आपण मात्र आज अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जाऊ. या किनाऱ्याच्या गावांतून आलेल्या मुलांनी एकोणिसाव्या शतकात एक परकी भाषा शाळेत शिकली, तीत मॅट्रिकचा पेपर दिला, आणि ते शिकणं मराठीतून सुरू झालं होतं. ती भाषा म्हणजे हिब्रू.

सुरुवातीला कुंडलिका नदीच्या मुखाशी थोडं थांबू. खाडीच्या उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला कोर्लई. कोर्लईत किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे, आणि तिथे घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संसर्गातून तयार झालेली आहे. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. पोर्तुगिजांनी हा मुलूख १७४० मध्ये सोडला, भाषा मात्र राहिली. तिचं क्रमिक पुस्तक नाही, परीक्षा नाही. आई मुलाशी बोलते, एवढीच तिची शाळा.

आणि अलीकडच्या काठावर, रेवदंड्यात, बेने इस्रायल समाजाचं ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर आहे. तिथली भाषा हिब्रू. ती मात्र घरात कोणी बोलत नव्हतं. घरात मराठी, बाजारात मराठी, भांडण मराठीत आणि अंगाईही मराठीत. म्हणजे एका काठावर घर आहे पण शाळा नाही, दुसऱ्या काठावर शाळा आहे पण घर नाही. भाषा टिकते ती कशामुळे, हा प्रश्न इथे अगदी समोरासमोर उभा राहतो.

आता बेने इस्रायलांची परंपरा थोडक्यात बघू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचे वंशज कुलाब्याच्या गावागावांतून पसरले, असं हा समाज पिढ्यान् पिढ्या सांगत आला. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. गावावरून आडनावं पडली. किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर, रोह्याचे रोहेकर. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा विसरली, ‘शेमा’ या प्रार्थनेचे शब्द तेवढे तोंडात राहिले, असंही ही परंपरा सांगते.

पहिला शिक्षक म्हणून परंपरेत नाव येतं ते दावीद राहबी यांचं. त्यांनी बायकांना मिश्र मासळी रांधायला दिली. बायकांनी पर आणि खवले नसलेली मासळी वेगळी काढली, त्यावरून त्यांना ओळख पटली. किनाऱ्यावरच्या माणसाला शोभेल अशीच ही परीक्षा! मग त्यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना हिब्रू वाचायला शिकवलं. ते समाजाचे ‘काझी’ झाले. शब्द बघा, ‘काझी’. ज्यू धर्माचा जाणता, मराठी बोलणारा, आणि पदवी अरबीतून आलेली. आपल्या किनाऱ्याचा इतिहास एका शब्दात सापडतो तो असा.

पण इथपर्यंत हिब्रू ही तीन घरांची विद्या होती. ती शाळेत आली वेगळ्याच दारानं.

१८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. त्यांनी काढलेल्या मराठी शाळांत बेने इस्रायल मुलं आली, पुढे काही बेने इस्रायल तिथे शिक्षकही झाले. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईला आले. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते हेच. त्यांनी १८३२ मध्ये हिब्रूच्या व्याकरणाची मूलतत्त्वं सांगणारं पुस्तक मराठीत काढलं. सालाकडे लक्ष द्या. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं तेही १८३२ मध्येच. मराठी छापील गद्य नुकतं उभं राहत होतं, आणि त्याच वेळी त्या गद्यावर दुसऱ्या भाषेचं व्याकरण शिकवण्याचं ओझं टाकलं गेलं. ते तिनं पेललं.

विल्सनचा हेतू काय होता? तो लपलेला नाही. ज्यूंना त्यांचं शास्त्र मूळ भाषेत वाचता आलं की ते ख्रिस्ती धर्माकडे वळतील, असा मिशनऱ्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात धर्मांतर फारच थोड्यांनी केलं. मुलांनी हिब्रू शिकून घेतली आणि आपल्याच प्रार्थनेचा अर्थ लावला. शिकवणाऱ्याचा हेतू एक, शिकणाऱ्याची गरज दुसरी. भाषाशिक्षणाच्या इतिहासात हे वारंवार घडतं. कारकून तयार व्हावेत म्हणून शिकवलेल्या इंग्रजीतून पुढे काय काय निघालं, ते आपल्याला माहीत आहेच.

आता जरा वर्गात शिरू. मराठी मुलाला हिब्रू कितपत अवघड जात असेल? लिपी अर्थातच नवी, आणि उजवीकडून डावीकडे. पण त्या काळचा शिकलेला मुलगा छापील मजकुरासाठी बाळबोध, हिशेबासाठी मोडी आणि इंग्रजीसाठी रोमन अशा तीन लिप्या सांभाळतच होता. त्यात चौथी.

व्याकरणात मात्र मराठीची मोठी मदत होते. इंग्रजीत ‘यू वेंट’ म्हटलं की समोर पुरुष आहे की स्त्री, काही कळत नाही. मराठीत ‘तू गेलास’ आणि ‘तू गेलीस’. हिब्रूतही तसंच, पुरुषाला ‘हालाख्ता’, स्त्रीला ‘हालाख्त’. लंडनच्या मुलाला हे समजावून सांगावं लागतं. चौलच्या मुलाला ‘आपल्यासारखंच’ एवढं म्हटलं की पुरे. हिब्रूत जोडीनं असणाऱ्या वस्तूंसाठी द्विवचन आहे, दोन हात म्हणजे ‘यादायिम’. संस्कृतचं ‘हस्तौ’ ऐकलेल्या विद्यार्थ्याला त्याचं नवल वाटायचं कारण नाही.

शब्दांचं तर विचारूच नका. हिब्रू शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे राहतात. क-त-ब हा लिहिण्याचा धातू. अरबी ही हिब्रूची बहीण, आणि अरबी शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत कधीच येऊन बसलेले. ‘किताब’ आपल्याला ठाऊक आहे. हिब्रूत ‘मिख्ताव’ म्हणजे पत्र. आपला ‘हिशेब’, त्यांचा ‘हेश्बोन’. आपला ‘सलाम’, त्यांचा ‘शालोम’. राजाला हिब्रूत ‘मेलेख’ म्हणतात. त्याचे नातेवाईक म्हणजे आपल्याकडचे ‘मालक’ आणि ‘मुलूख’. परकी भाषा म्हणून समोर आलेल्या पुस्तकात इतके ओळखीचे चेहरे! आपली भाषा नीट येत असली की परकी भाषा तितकी परकी राहत नाही. आजच्या व्याख्यानातला मुख्य मुद्दा म्हणाल तर तो हाच.

पुढचा टप्पा परीक्षेचा. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. इंग्रजीबरोबर आणखी एक भाषा घ्यावी लागे. विद्यापीठाच्या भाषांच्या यादीत हिब्रूला जागा मिळाली, त्यात विल्सन यांचा मोठा वाटा होता. ते पुढे कुलगुरूही झाले. १८६०च्या दशकात विद्यापीठानं वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकल्या. मराठी बाहेर, हिब्रू आत! मराठीला विद्यापीठात परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना पुढे किती वर्षं झगडावं लागलं, ते आपण जाणतो. ज्या मराठीच्या खांद्यावर बसून हिब्रू वर्गात आली, त्या मराठीलाच वरच्या वर्गाचं दार बंद झालं. अभिजात भाषा तेवढी अभ्यासाची आणि बोलती भाषा घरची, ही त्या काळची विद्वत्तेची समजूत. ती अजून पुरती गेलीय असं म्हणवत नाही.

समाजानं स्वतःची शाळा काढली ती १८७५ मध्ये, मुंबईत. पुढाकार हाईम सॅम्युएल किहीमकरांचा. नावातच किहीम आहे. १८८१ मध्ये तिथे इंग्रजी शिक्षण सुरू झालं, १८९२ मध्ये ती हायस्कूल झाली. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशननं पैशाची मदत केली. पुढे मोठ्या देणगीनंतर शाळेला सर एली कदूरी यांचं नाव मिळालं. माझगावची ही शाळा अनेकांना त्या नावानंच माहीत आहे. १९२२ पासून जवळजवळ तीन दशकं रिबेका रूबेन या तिच्या मुख्याध्यापिका होत्या. विल्सनच्या पुस्तकानं जे काम दुसऱ्याच्या हेतूनं सुरू केलं, ते इथे समाजानं आपल्या हातात घेतलं.

या शिक्षणाचं फळ काय? एक नाव घेऊ, जोसेफ इझिकेल राजपूरकर. काझींच्या तीन घराण्यांपैकी एकाचं आडनाव आपण मघाशी ऐकलं, तेच हे. ते मुंबईतल्या डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते, आणि हिब्रू प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या. वल्हांडणाच्या सणाला वाचायची ‘हग्गादा’ ही पोथी तर त्याआधीच, १८४६ मध्ये, मुंबईत मराठी अर्थासह शिळाप्रेसवर छापून निघाली होती. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या सचित्र आवृत्तीत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. १८८० च्या सुमारास तर या समाजानं कीर्तन सुरू केलं. आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं, आणि चाल, साकी, दिंडी आपली मराठी. ज्या आजीला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं, तिच्यापर्यंत ग्रंथ असा पोहोचला. शाळेत शिकलेली भाषा मराठीच्या वाटेनं घरी परत आली.

पण या शिक्षणाची किंमतही होती. ती सांगितली नाही तर चित्र एकांगी होईल. हायस्कूल मुंबईत, विद्यापीठ मुंबईत, मॅट्रिकनंतरची नोकरीही मुंबईत नाही तर रेल्वेत, पलटणीत, दूरच्या गावी. हिब्रू शिकायची म्हणजे किहीम-नवगाव सोडायचं. समाज शिकत गेला तसतसा किनारा रिकामा होत गेला. अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ मध्ये स्थापन झालेलं आणि १९१० मध्ये नव्यानं बांधलेलं ‘मागेन आबोथ’ आजही उभं आहे. आळीत घरं थोडी उरलीत. कोर्लईची भाषा टिकली ती बोलणारे एकत्र, जागच्या जागी राहिले म्हणून. आता तिथली मुलं मराठी आणि इंग्रजी शाळांत जातात, तेव्हा त्या भाषेवरही ताण येतोच. शाळा एका हातानं देते आणि दुसऱ्या हातानं काही काढून घेते.

आणखी एक गोष्ट. शाळेतली हिब्रू ही ग्रंथाची हिब्रू. ज्या १८८१ मध्ये किहीमकरांच्या शाळेत इंग्रजी आली, त्याच वर्षी एलिएझर बेन येहुदा नावाचा गृहस्थ पॅलेस्टाइनला पोहोचला आणि हिब्रू पुन्हा बोलती करायच्या मागे लागला. १९४८ नंतर आपल्या कोकणातले हजारो लोक इस्रायलला गेले, तेव्हा तिथे हीच बाजारातली, बसमधली हिब्रू त्यांच्या कानावर पडली. प्रार्थना पाठ असलेल्या माणसालाही भाजी मागायला नव्यानं शिकावं लागलं. वर तुमचं ज्यूपण खरं का, अशी शंका तिथल्या धर्मपीठानं घेतली. त्याविरुद्ध या लोकांनी आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये सरकारनं ठराव करून ते सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत असं मान्य केलं. हिब्रू येणं वेगळं आणि आपलं म्हणून स्वीकारलं जाणं वेगळं. भाषा दारापर्यंत नेते; दार आतून उघडावं लागतं.

आणि मग तिथे काय झालं? त्या लोकांनी इस्रायलमध्ये मराठी नियतकालिक काढलं. नाव ठेवलं ‘मायबोली’. दोन हजार वर्षांच्या आठवणीची भाषा शेजारी, दुकानात, शाळेत सगळीकडे मिळाली, तेव्हा जपून ठेवायची भाषा कुठली ठरली, तर अष्टागरातली मराठी. तिथे जन्मलेल्या नातवंडांसाठी आता मराठी हीच मुद्दाम शिकायची भाषा झाली आहे.

तेव्हा मंडळी, घरात कुणी मूल आठवीत परकी भाषा घेणार असेल, तर मार्क किती पडतील हे जरूर विचारा. पण आणखी दोन प्रश्न विचारा. ही भाषा ते कुठल्या भाषेच्या आधारानं शिकणार आहे? आणि शिकून घरी काय घेऊन येणार आहे? या किनाऱ्याच्या मुलांकडे दोन्ही प्रश्नांची उत्तरं होती. आधार मराठीचा होता, आणि त्यांनी घरी आणला तो आपल्याच प्रार्थनेचा अर्थ.

इथे थांबू या.