भेकाचे मूत्राशय : दोन वाचनांचा इतिहास

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ साली झाली. त्या विद्यापीठाच्या कक्षेतील बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात सी. आर. नारायण राव यांनी दक्षिण भारतातील बेडकांच्या अनेक जातींचे वर्णन केले. त्यांच्या दृष्टीने बेडूक हाच अभ्यासविषय होता.

पुढे पाश्चात्त्य प्रयोगशाळांत उभयचरांचे वेगळे वाचन झाले. अल्डोस्टेरॉन हे अधिवृक्क ग्रंथीचे स्टेरॉइड संप्रेरक १९५३ मध्ये विलग करण्यात आले. त्याच्या प्रभावाने भेकाच्या मूत्राशयातून होणारे सोडियमचे वहन वाढते, असे क्राबे यांनी १९६१ मध्ये दाखविले. शरीरातील जादा अम्ल हायड्रोजन आयन व अमोनियम या रूपांत बाहेर पडते. भेकाच्या मूत्राशयाची भित्ती ही दोन्ही उत्सर्जित करते, हे १९७१ च्या सुमारास स्पष्ट झाले. अल्डोस्टेरॉनमुळे तेथील अम्लोत्सर्जन वाढते, हे लूडेन्स व फॅनेस्टिल यांनी १९७४ मध्ये नोंदविले.

या प्रयोगांत मूत्राशय सस्तन प्राण्यांच्या मूत्रपिंडाचा प्रतिनिधी ठरले. वस्तुतः उभयचरांचे मूत्राशय अवस्करापासून विकसित होते. मूत्रपिंडाशी त्याचे साम्य कार्याचे आहे, उगमाचे नव्हे. शिवाय कोरड्या जमिनीवर भेकाला ते पाण्याचा साठा म्हणून उपयोगी पडते. प्रतिनिधी म्हणून वाचताना हे स्वत्व दृष्टीआड होते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा धोका परिचित आहे : एका कृतीच्या आधारे दुसरी समजून घेताना पहिली केवळ साधन उरते. म्हणून या संशोधनाचा इतिहास लिहिताना नारायण रावांचे वाचनही शेजारी ठेवणे आवश्यक आहे.