सूर्य, चंद्र, गाढव आणि ठाण्याचा विसर

१७८७ च्या सुमारास ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना अक्षरे कोरलेले तांब्याचे पत्रे सापडले. किल्ला तोच, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला. पत्र्यांवर लिहिले होते ते मात्र या तिन्ही सत्तांच्या कितीतरी आधीचे. जनरल कारनॅकने तो मजकूर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे धाडला, रामलोचन पंडितांनी त्याचा अर्थ लावून दिला आणि ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १७८८ च्या पहिल्याच खंडात त्याचे इंग्रजी भाषांतर छापून आले. ठाण्याच्या जमिनीतले ठाण्याचे लिखाण उलगडले ते कलकत्त्यात!

तो ताम्रपट शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अरिकेसरी याने चंद्रग्रहणाच्या पर्वावर तिक्कपैय नावाच्या ब्राह्मणाला जमीन दान दिली, त्याची ती सनद. शिलाहार आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक होते, पुढे जवळजवळ स्वतंत्र झाले. चारशेहून अधिक वर्षे त्यांनी या पट्ट्यावर राज्य केले, आणि ठाणे, त्यांचे ‘श्रीस्थानक’, हे त्यांचे प्रमुख नगर. अंबरनाथचे शके ९८२ चे (इ. स. १०६०) शिवमंदिर त्यांच्याच काळातले.

दान देणाऱ्या राजाला खरी धास्ती असे ती आपल्या माघारी येणाऱ्यांची. हयातीत त्याचा शब्द कोण मोडणार? पण पुढचा राजा, त्याचा कारभारी किंवा शेजारचा दांडगा शेतकरी ती जमीन गिळणार नाही कशावरून? म्हणून ताम्रपटाच्या शेवटी ठरलेले श्लोक येतात. दान पाळणाऱ्याला हजारो वर्षे स्वर्ग, हिरावून घेणाऱ्याला तितकाच काळ नरक. पण ही संस्कृतातली तंबी वाचणार कोण? ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरात जपून ठेवलेला असे. बांध कोरणाऱ्याला तो दिसतही नसे, आणि दिसला तरी वाचता येत नसे.

त्यावरचा उपाय म्हणजे गधेगाळ. उभ्या शिळेच्या माथ्यावर सूर्य-चंद्र, बहुधा मध्ये कलश. खाली दानाचा लेख. आणि तळाशी एका बाईशी समागम करणारे गाढव. वरच्या चित्राचा अर्थ, हे दान चंद्र-सूर्य असेतोवर चालावे. खालच्या चित्राचा अर्थ, जो ते मोडील त्याच्या आईची ही गत होईल. राजशासनात ही अशी शिवी! परळच्या शके ११०८ च्या (इ. स. ११८७) शिलालेखात शिलाहार राजा अपरादित्याचे दान संस्कृतात आहे आणि शेवटची शिवी तेवढी चक्क मराठीत. ती लिहिणाऱ्याला श्रोता पक्का ठाऊक होता. अभ्यासक या शिल्पाबद्दल बोलताना पूर्वी संकोचत. संकोचण्यासारखे त्यात आहेच, कारण गुन्हा कोणाचाही असो, विटंबना बाईचीच. पण निरक्षर गावाला एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आठवत राहावी, यासाठी त्या काळाने शोधलेली ही सर्वांत परिणामकारक युक्ती होती, हेही मान्य करावे लागते.

अलिबागजवळच्या आक्षीचा गधेगाळ तर मराठीच्या इतिहासातलाच दगड. अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे १०१२ असा धरला आणि त्याला मराठीतला सर्वांत जुना कालोल्लेखी लेख मानले. या वाचनावर वाद आहेत. त्यातला राजा केसिदेव म्हणजे ठाण्याच्या ताम्रपटातला अरिकेसरीच, असे मानले जाते. म्हणजे एकाच राजाचे एक शासन तांब्यावर संस्कृतात, तर दुसरे दगडावर मराठीत. हा दगडही पुढे बराच काळ रस्त्याकडेला दुर्लक्षितच पडून होता. भिवंडी तालुक्यात लोनाडजवळ चौधरपाड्याला याच घराण्यातल्या दुसऱ्या केसिदेवाचा शके ११६१ चा लेख आहे, म्हणजे ठाण्यातल्या खोपटहून अर्ध्या दिवसात पाहून परतता येईल इतक्या अंतरावर.

वीरगळांची गोष्ट वेगळी. तिथे तंबी नाही, मेलेल्या योद्ध्याची याद आहे. बोरिवलीच्या एकसरला वीरगळांवर चक्क नौकायुद्ध कोरलेले आहे. शेवटचा शिलाहार सोमेश्वर देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना १२६५ च्या सुमारास समुद्रात बुडाला. त्या लढाईशी हे वीरगळ काही अभ्यासक जोडतात.

त्यानंतर विसर पडायला वेळ लागला नाही. राजे गेले, सनदा निरर्थक झाल्या, अक्षरांची वळणे बदलली. गधेगाळांना कुठे शेंदूर लागून त्यांची ग्रामदेवता झाली, कुठे ते अपशकुनी ठरून पालथे पडले. खोपटच्या सिद्धेश्वर तलावापाशी ब्रह्मदेवाची शिलाहारकालीन मूर्ती आहे. खोपटला एसटी पकडायच्या घाईत तिच्याजवळून जाणाऱ्या किती जणांना ती ठाऊक असेल?

ठाणे जिल्ह्यात आजही पाया खणताना, तलावातला गाळ काढताना असे दगड वर येतात. सूर्य-चंद्र कोरलेली शिळा दिसली तर तिला ऑइलपेंट फासू नका, घासूनपुसून ‘स्वच्छ’ही करू नका. फोटो काढा, जागा नोंदवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीतून निघालेली दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकच आहे.