कोड : डाग त्वचेवर, घाव मनावर

त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीकडून नष्ट होऊ लागल्या की त्वचेवर पांढरे डाग उमटतात. यालाच कोड म्हणतात. जगातील सुमारे १ टक्का लोकांना हा विकार आहे. तो स्पर्शाने पसरत नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. 'श्वेतकुष्ठ' या जुन्या नावाने मात्र तसा गैरसमज रुजवला. त्यामुळे विवाह जुळवताना डाग लपवले जातात आणि न्यूनगंड, चिंता, नैराश्य बळावते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' (२००६) या चित्रपटाने हीच वेदना मांडली. औषधे व अतिनील किरणोपचारांनी अनेकांच्या त्वचेचा रंग काही प्रमाणात परत येतो; मात्र समुपदेशन आणि घरच्यांची साथही तितकीच आवश्यक ठरते.