आठवड्याला ४० तास : एका आकड्याचा इतिहास

मंडळी, यावेळी सॉफ्टवेअर नाही, इतिहास. निमित्त मात्र घरचंच आहे. माझ्या मामेबहिणीच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असल्याचं निदान झालं. एका सेंटरमध्ये तिला सांगितलं गेलं, "आठवड्याला ४० तास वर्तनोपचार लागतील, नाहीतर हातातली वेळ निघून जाईल." ताईची नोकरी, घराचे हप्ते आणि हे ४० तास! ती मला म्हणाली, "अरे, तू एवढं वाचतोस, हा ४० आकडा आला कुठून ते तरी बघ." मी डॉक्टर नाही. पण एखादा आकडा प्रोग्राममध्ये कुठून घुसला हे शोधणं आमच्या धंद्यात रोजचंच. म्हणून दोन शनिवार-रविवार तेच केलं.

सुरुवात १९४३ पासून. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला, आणि ऑटिझमला वेगळी ओळख मिळाली. पण पुढची वीसेक वर्षं दोष आईच्या माथी मारला गेला. आई थंड, प्रेम न करणारी, म्हणून मूल असं! शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात हेच ठासून मांडलं. त्याच्या आधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे असं लिहिलं होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. असो.

त्याच १९६४ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका मुलाबद्दल लेख छापून आला. लेखात त्याचं नाव डिकी. वय साडेतीन, ऑटिझम, आणि मोतीबिंदूमुळे डोळ्यांतली भिंगं काढलेली. चष्मा लावला नाही तर नजर कायमची अधू होणार, आणि हा चष्मा लावूच देईना. माँट्रोज वुल्फ, टॉड रिस्ले आणि हेडन मीस यांनी काय केलं? आधी काचा नसलेल्या नुसत्या फ्रेमा खोलीत ठेवल्या. फ्रेम उचलली की बक्षीस, हातात धरली की बक्षीस, डोळ्यांजवळ नेली की बक्षीस. खाऊने जमेना तेव्हा नाश्त्याचे घास बक्षीस म्हणून दिले. (मुलाला भुकेलं ठेवून शिकवणं आज कोणी मान्य करू नये.) रुग्णालयातून घरी जाताना डिकी दिवसाला सुमारे १२ तास चष्मा लावत होता.

यामागचं तत्त्व बी. एफ. स्किनर यांचं, १९३८ पासूनचं : एखाद्या कृतीनंतर जे घडतं त्यावर ती कृती पुन्हा होणार की नाही हे ठरतं. मोठं काम बारीक पायऱ्यांत तोडा, प्रत्येक पायरी मोजा, जमत नसेल तर मुलाला नव्हे, पायरीला दोष द्या. इंजिनिअर माणसाला हे लगेच पटतं. पण मला जास्त भावलं ते दुसरंच. चष्मा ही गरज डिकीची होती. बघणाऱ्यांना तो 'नॉर्मल' दिसावा म्हणून केलेला तो खटाटोप नव्हता.

आता आपला ४०. हा आकडा येतो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून, ओले इव्हार लोवास यांच्याकडून. मूळचे नॉर्वेचे. त्यांच्या कामाची काळी बाजूही आहे. १९६५ मध्ये 'लाइफ' मासिकाने त्यांच्यावर सचित्र लेख छापला, त्यात मुलांना ओरडणं, चापट मारणं आणि विजेचे झटके देणं उघडउघड होतं. १९७३ मध्ये त्यांनी उपचार घेतलेल्या मुलांचं पुढे काय झालं ते तपासलं. जी मुलं संस्थांमध्ये परत गेली ती शिकलेलं गमावून बसली, ज्यांच्या आईवडिलांना शिकवलं होतं त्यांचं टिकलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निकाल, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी.

मग आलं १९८७. चार वर्षांखालची १९ मुलं, आठवड्याला ४० तासांहून जास्त एकास एक शिकवणी, दोन किंवा अधिक वर्षं. त्यातली ९ मुलं साध्या शाळेची पहिली पार करून गेली आणि त्यांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण कक्षेत आला. तुलनेच्या ४० मुलांमध्ये असं एकच. बातमी जगभर गेली, आणि तिच्याबरोबर ४० हा आकडाही.

पण बारीक अक्षरातला मजकूर वाचायला हवा. गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, थेरपिस्ट उपलब्ध आहेत की नाहीत यावर ठरले होते. मांडीवर चापट मारण्याची शिक्षाही त्या उपचारात होती. २००० मध्ये लोवास यांचेच सहकारी ट्रिस्ट्रम स्मिथ यांनी चिठ्ठ्या टाकून, कमी तासांचा प्रयोग केला. फायदा दिसला, पण १९८७ इतका मुळीच नाही. आणि २०२४ मध्ये 'जामा पीडियाट्रिक्स'मध्ये १४४ अभ्यास एकत्र तपासले गेले. तास वाढवले की फायदाही वाढतो, याला भक्कम पुरावा मिळाला नाही. म्हणजे थेरपी निरुपयोगी असं नव्हे. पण ४० हा काही औषधाचा डोस नाही.

दरम्यान थेरपीही बदलली. टेबल-खुर्चीवरून ती जमिनीवर, खेळात आली. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांच्या पद्धतीचा २०१० चा प्रयोग ४८ लहान मुलांवर झाला, त्यात चिठ्ठ्याही टाकल्या होत्या आणि फायदाही दिसला. ज्यांनी लहानपणी थेरपी घेतली ते ऑटिस्टिक लोक मोठे होऊन बोलू लागले : जबरदस्तीने नजरेला नजर द्यायला लावणं, हात हलवले म्हणून टोकणं, याचा त्रास झाला म्हणाले. त्यांचं ऐकायलाच हवं.

आणि आपल्या शेजारचं एक उदाहरण. गोवा आणि रावळपिंडी इथे ६५ मुलांवर झालेला प्रयोग २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आला. तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन आईवडिलांना मुलाशी संवाद साधायला शिकवत. सहा महिन्यांत बारा बैठका. पद्धत वेगळी, संवादावर भर देणारी. सगळंच सुधारलं असं नाही, पण मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. ४० तास न परवडणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

तर थेरपिस्ट शोधताना या इतिहासातून निघालेले प्रश्न असे. तुम्ही याला काय शिकवणार, आणि त्याचा उपयोग त्याला स्वतःला काय? तो रडला, नको म्हणाला तर तुम्ही काय करता? आम्हाला आत बसू द्याल का, आम्हाला काय शिकवाल? प्रगती कशी मोजता, आणि जमलं नाही तर योजना कधी बदलता? एवढेच तास का? तुमच्यावर देखरेख कोणाची? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षक असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, त्यात संकोच कसला? वर्तन-विश्लेषणाचं प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन मंडळाने २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेणं थांबवलंय, त्यामुळे नव्या थेरपिस्टकडे ते नसलं म्हणून तो कच्चा ठरत नाही. पण मग कुठे आणि कोणाच्या हाताखाली शिकलात, हे विचारायलाच हवं.

"बंद दाराआड शिकवतो, तुम्ही बाहेर थांबा" किंवा "पूर्ण बरा करून देतो" असं कोणी म्हणालं, तर चपला घालून सरळ बाहेर पडा. आणि वेळ निघून जाईल या भीतीने पहिल्याच भेटीत वर्षाची फी भरू नका. दोन-तीन ठिकाणं बघायला आठ-पंधरा दिवस गेले, तर काही बिघडत नाही.